गच्चीचं कोटिंग: किती जाड, कशावर, आणि केव्हा मारू नये

स्लॅबवाला

पावसाळा तोंडावर आला की गच्चीला कोटिंग मारून घ्यायची घाई सुरू होते, आणि प्रश्न एकच असतो: गळती थांबेल का? गळती थांबणं हा एक फायदा झाला. त्याहून मोठा फायदा स्लॅबच्या आयुष्याचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

१० मीटर लांबीचा आरसीसी स्लॅब घ्या. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिमी वाढतं. पहाटेच्या आणि दुपारच्या स्लॅबमध्ये ३० अंशांचा फरक पडला तर तो स्लॅब ३ मिमी लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. उन्हाळाभर रोज. कठड्याची भिंत त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही, त्यामुळे पहिली भेग कठड्याच्या पायथ्याशीच दिसते. वळवाचं पाणी त्या भेगेत शिरतं, सळईपर्यंत जातं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून खालून काँक्रीटचे पोपडे सुटतात. छताला प्लास्टर करून ते झाकलं तर दोन वर्षांत पुन्हा तेच.

पांढरं परावर्तक कोटिंग यातल्या दोन्ही टोकांना हात घालतं. ऊन परत फेकल्यामुळे स्लॅब कमी तापतो, म्हणजे हालचाल कमी. आणि वरून पाणी आत जात नाही.

तिसरा मुद्दा वजनाचा. जुना कोबा (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) गळतो म्हणून त्यावर दुसरा कोबा घालण्याची पद्धत अजून सर्रास चालू आहे. साडेचार इंच ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या वर जातं. भारतीय मानकानुसार वापरातल्या सपाट गच्चीसाठी धरायचा चल भार (ये-जा करणाऱ्या माणसांचा आणि सामानाचा) चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणजे दुसऱ्या कोब्याने स्लॅबवर कायमचं ओझं किती पडतं ते बघा. कोटिंगचं वजन चौरस मीटरला दोन किलोच्या आसपास.

पण हे सगळे फायदे थर पुरेसा जाड असेल तरच. घोडं तिथेच अडतं.

---

ओलावा_शोधक

जाडीचं गणित इथेच मांडतो, सोपं आहे.

१ लिटर माल १ चौरस मीटरवर सारखा पसरला की ओला थर बरोबर १ मिमीचा होतो. वाळल्यावर पाणी उडतं. पाण्यातल्या ऍक्रिलिकमध्ये आकारमानाने घन भाग साधारण निम्मा असतो (नक्की आकडा त्या मालाच्या टीडीएसमध्ये, म्हणजे तांत्रिक पत्रकात मिळतो). म्हणजे वाळलेला थर अर्धा मिमी.

आता १००० चौ. फूट गच्ची, म्हणजे ९३ चौ. मीटर. उघड्या गच्चीला पाणी अडवायला ०.८ मिमी वाळलेला थर हवा असं धरलं, तर मीटरला १.६ लिटर, एकूण जवळपास १५० लिटर. खरबरीत पृष्ठभाग आणि वाया जाणारा माल धरून १६५. म्हणजे २० लिटरचे आठ-नऊ डबे.

प्रत्यक्षात १००० फुटांना तीन डबे आणले जातात. ६० लिटर भागिले ९३, म्हणजे मीटरला ०.६५ लिटर. वाळून राहतो ०.३२ मिमी. हा रंग झाला, वॉटरप्रूफिंग नव्हे. पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्यात पापुद्रे निघतात, आणि मग 'कोटिंगचा काही उपयोग नसतो' असं मत कायमचं होऊन बसतं.

अजून दोन गोष्टी. डब्यावर २० किलो लिहिलंय की २० लिटर ते वाचा. ऍक्रिलिक पाण्यापेक्षा जड असतं. १.३ घनतेचा माल असेल तर २० किलोच्या डब्यात साडेपंधरा लिटरच असतो. आणि कठडा विसरू नका: ४० बाय २५ फुटांच्या गच्चीचा घेर १३० फूट. कोटिंग कठड्यावर एक फूट चढवायचं तर १३० चौ. फूट वाढले, म्हणजे १३ टक्के माल जास्त.

---

रेवदंडा

जाडी मोजायची कशी? वाळल्यावर तर काहीच कळत नाही.

---

ओलावा_शोधक

ओलं असतानाच मोजायची. स्टीलचा छोटा कंगवा मिळतो, पत्त्याएवढा. कडेने दाते असतात, प्रत्येक दाताची खोली वेगळी आणि त्यावर आकडा कोरलेला. नुकत्याच मारलेल्या थरात काटकोनात टेकवायचा, उचलून बघायचा. ज्या शेवटच्या दाताला माल लागला तो आकडा म्हणजे ओली जाडी. एका हाताला ०.४ ते ०.५ मिमी ओला थर पुरे, १.६ मिमी गाठायला तीन-चार हात लागतात. एकाच हातात जाड ओतलं तर वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि वाळताना चिखलासारख्या भेगा पडतात.

कंगवा नसेल तर सोपा उपाय: गच्चीचे १०० चौ. फुटांचे चौकोन खडूने आखा आणि प्रत्येक चौकोनाला मोजून माल द्या. १०० चौ. फुटांना (९.३ चौ. मीटर) एका हाताला ४ लिटर. कारागिराला सांगायला आणि बघायलाही सोपं.

---

सिव्हिलकाका

वरचं गणित बरोबरच आहे, पण त्याआधी एक पायरी आहे. कोटिंग ही कातडी आहे. खाली हाडं मोडलेली असतील तर कातडी शिवून काय होणार?

जुन्या कोब्याच्या गच्चीवर पहिलं काम म्हणजे हातोडीच्या दांड्याने किंवा सळईने सगळीकडे ठोकत जाणं. जिथे बद्द, पोकळ आवाज येईल तिथे खडूने वर्तुळ करा. ते तुकडे कापून काढून पॉलिमर मॉर्टरने भरायचे: १ सिमेंट, ३ वाळू, आणि ५० किलोच्या गोणीला ५ ते ७ लिटर एसबीआर (रबराचा दुधासारखा द्राव) किंवा ऍक्रिलिक लॅटेक्स. जुन्या पृष्ठभागाला आधी लॅटेक्स-सिमेंटची पातळ स्लरी मारायची आणि ती ओली असतानाच मॉर्टर भरायचं. स्लरी वाळून गेली तर ती चिकटवायच्या ऐवजी उलट आड येते.

केसासारख्या भेगांना कोटिंगच चालतं. त्याहून रुंद भेग इंग्रजी व्ही आकारात ५-६ मिमी खोल उघडायची, ब्रशने धूळ काढायची, क्रॅक फिलर भरायचं. जी भेग दर उन्हाळ्यात पुन्हा उघडते ती हलती भेग. तिला सिमेंटचा काही उपयोग नाही, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच हवा.

मग वाटा, म्हणजे कोपऱ्यातली मॉर्टरची गोलाई. कठडा आणि गच्ची यांच्या काटकोनात २ बाय २ इंचांचा गोल वाटा हवाच. काटकोनात कोटिंग कधीच सारखं बसत नाही: कोपऱ्यात माल साचतो आणि कडेवर पातळ होतो. जुना वाटा सुटला असेल तर तोडून नवा करा. कोपरे, पाइपाची तोंडं आणि भेगा यांवर पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी बसवा, सुरकुती न पडू देता, आणि लगेच वरून माल फिरवा. जाळी कोरड्यावर अंथरून वरून रोलर फिरवला तर ती खाली चिकटत नाही. तिच्याखाली हवा राहते आणि उन्हात फुगा येतो.

ढाळ १०० ला १ तरी हवा, म्हणजे १० फुटांना सव्वा इंच. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही ज्या खळग्यात पाणी दिसतं तो खळगा मॉर्टरने उचला. ऍक्रिलिक साचलेल्या पाण्यात दिवसेंदिवस राहिलं की मऊ पडतं आणि सुटतं. 'वॉटरप्रूफ आहे ना, मग पाणी साचलं तर काय झालं?' हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर हेच.

---

अंजली_पुणे

काका, कोब्यात आधीच पाणी मुरलेलं असेल तर काय करायचं? मे महिन्यात वरून खडखडीत कोरडा दिसतो, पण खालच्या छताला ओल असतेच.

---

सिव्हिलकाका

अंजलीताई, महत्त्वाचं विचारलंत. कोबा म्हणजे विटांचे तुकडे, आणि वीट पाणी धरून ठेवते. वरचा इंचभर सुकला तरी खाली ओल असते. अशा कोब्यावर कोटिंग मारलं की उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, ती कोटिंग उचलते. पुरीसारखे फुगे येतात ते यानेच. फुगा कापून बघा: आतली बाजू ओलसर असेल तर दोष ओलीचा. कोरडी आणि धुळकट असेल तर दोष सफाईचा.

तपासायला दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट लावा. १६ तासांनी उचला. आतून थेंब धरले किंवा खालचा कोबा गडद झाला तर थांबायचं. तीन-चार जागी करा, त्यातली एक जागा पाइपाजवळची हवीच, कारण मुरलेलं पाणी ढाळाने तिकडेच उतरतं. शंका राहिली तर तिथेच चार इंचांचा एक तुकडा स्लॅबपर्यंत खोदून विटेचा रंग बघा.

म्हणूनच कोटिंगचा खरा हंगाम मे नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कोबा सुकायला सुरुवात होते. दिवाळी उलटल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईने काम काढलं तर अर्धवट वाळलेल्या थरावर पाऊस यायची भीती वेगळीच.

आणि एक सांगतो. काम झाल्यावरही खालची ओल लगेच जात नाही. आत अडकलेलं पाणी खालूनच सुकतं, त्याला आठवडे लागतात. लगेच छताला पुट्टी-रंग करू नका.

---

निळा_डबा

हिवाळ्यात दव सांभाळा. संध्याकाळी पाचला मारलेला ऍक्रिलिकचा हात रात्रीच्या दवाआधी सुकत नाही आणि सकाळी दुधासारखे ओघळ दिसतात. सकाळचं दव सुकल्यावर सुरू करून दुपारी दोन-तीनपर्यंत संपवा. एप्रिल-मेत उलट: दहाच्या आत नाहीतर चारनंतर. अनवाणी पाय ठेववत नाही इतका स्लॅब तापला असेल तर माल रोलरखालीच वाळायला लागतो, पृष्ठभागात मुरत नाही.

दोन हातांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर. पहिला उभा, दुसरा आडवा. पहिल्या पातळ हातात पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. पुढच्या हातांत माल 'पसरत नाही' म्हणून पाणी ओतू देऊ नका, वरचं जाडीचं सगळं गणित तिथेच बुडतं.

---

रेवदंडा

ऍक्रिलिक, पीयू, सिमेंट-पॉलिमर, बिटुमेन. यातलं काय निवडायचं?

---

स्लॅबवाला

थोडक्यात सांगतो.

ऍक्रिलिक: उन्हाला टिकतं, पांढरं राहतं, घरच्या माणसालाही मारता येतं. साचलेलं पाणी आणि रोजची वर्दळ सोसत नाही. ढाळ चांगला असलेल्या, कमी वापराच्या गच्चीला हेच.

पीयू: खूप ताणलं जातं, साचलेलं पाणीही झेलतं. पण उघड्या गच्चीला ऍलिफॅटिक प्रकारचंच हवं. ऍरोमॅटिक स्वस्त पडतं, मात्र उन्हात पिवळं होऊन त्याची भुकटी सुटते. ते वापरायचं तर वरून ऍलिफॅटिकचा हात किंवा फरशी हवी. एकघटकी पीयू हवेतली आर्द्रता घेऊन वाळतं आणि वाळताना वायू सोडतं. दमट हवेत जाड थर मारला की तो वायू आतच अडकून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, आणि पाणी तिथूनच आत जातं. पीयूला खालचा पृष्ठभाग कोरडाच लागतो, ऍक्रिलिकपेक्षाही जास्त.

सिमेंट-पॉलिमर (पावडर अधिक द्राव): किंचित ओलसर पृष्ठभागावर चालतं, काँक्रीटला घट्ट धरतं. फरशीखाली, बाथरूममध्ये, टाकीत उत्तम. उघड्या गच्चीवर उन्हात एकटं टिकत नाही, वर संरक्षण हवं.

बिटुमेनची पट्टी, ३ किंवा ४ मिमी, गॅसच्या ज्योतीने चिकटवलेली: पाण्याला भक्कम. बाजूचा जोड १०० मिमी आणि शेवटचा १५० मिमी एकावर एक हवा. पण काळी पट्टी उघडी ठेवली तर वरच्या मजल्याची भट्टी होते. ऍल्युमिनियमचा मुलामा असलेली घ्या किंवा वर संरक्षक थर द्या.

चायना मोझॅकवर ऍक्रिलिक थेट मारू नका. चकचकीत तुकड्यांना ते धरत नाही. एक तर सांधे उकरून ग्राउट भरा आणि तिथेच थांबा, किंवा चकाकीला धरणारा खास प्राइमर आधी मारा. कुठलाही पृष्ठभाग असो, सफाईनंतर चार-पाच थेंब पाणी टाकून बघा: मुरलं तर ठीक. मोत्यासारखं उभं राहिलं तर खाली तेल, मेण नाहीतर जुना रंग आहे.

---

चुनखडी

चुना आणि डिंक मारून गच्ची पांढरी करण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. उष्णतेपुरता हा चांगला आणि स्वस्त उपाय आहे. अहमदाबादेत आणि इतरत्रही वस्त्यांमधली छपरं उन्हाळ्यासाठी अशीच चुन्याने पांढरी केली गेली आहेत. पाणी अडवायला त्याचा उपयोग शून्य, आणि पहिल्या पावसात बराच धुऊन जातो.

पुढे ऍक्रिलिक मारायचं असेल तर तो चुना पूर्ण काढावा लागतो. बोट फिरवून बघा: पांढरी पूड लागली तर कोटिंग त्या पुडीला चिकटेल, गच्चीला नाही. तारेचा ब्रश, मग दाबाच्या पाण्याने धुणं, मग दोन दिवस कडक ऊन.

फरक किती पडतो, तर पृष्ठभागाच्या तापमानात खूप, खोलीत थोड्या अंशांचा, आणि तोही वरच्याच मजल्याला. धूळ बसली की परावर्तन घटतं. होळीच्या सुमारास गच्ची एकदा धुऊन घेतली की ऐन उन्हाळ्यात पूर्ण फायदा मिळतो.

---

खाडीकाठ

किनारपट्टीवर बरीच छपरं पत्र्याची, त्यांचंही लिहितो.

जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा घेताना जस्ताचं वजन विचारा. १२० ग्रॅम म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौ. मीटरला १२० ग्रॅम. एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर १९ मायक्रॉन. खाऱ्या वाऱ्यात हा फरक वर्षांमध्ये मोजला जातो, आणि कोटिंगची गरज पहिल्या पत्र्याला फार लवकर लागते.

नव्या जीआय पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारणं ही सगळ्यात मोठी चूक. तेलातला भाग आणि जस्त यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि वर्ष-दीड वर्षात रंग सापाच्या कातीसारखा निघतो. आधी एच (etch) प्राइमर, म्हणजे जस्ताला पकड देणारा, किंवा जस्तावर चालणारा ऍक्रिलिक प्राइमर. गंजलेल्या जागी तारेचा ब्रश, सैल गंज पूर्ण काढून झिंक फॉस्फेट प्राइमर, तोही त्याच दिवशी. खाऱ्या हवेत उघडं केलेलं लोखंड रात्रीतून पुन्हा तांबूस होतं. ब्रश करण्याआधी गोड्या पाण्याने धुणं आवश्यकच: मीठ रंगाखाली राहिलं तर ते ओल ओढून घेतं आणि तिथे फोड येतात.

पत्रा सहसा आधी मध्ये गंजत नाही. गंजतो तो जोडावर आणि जे-बोल्टच्या (हुकासारख्या वाकड्या बोल्टच्या) भोकाशी. वॉशर वाळून तडकले असतील तर बदला, नुसता माल थापू नका. दोन पत्र्यांच्या जोडात ब्युटाइल (चिकट रबरी) पट्टी घालून मगच वरून कोटिंग. आणि खालची बाजूही रंगवा: पावसाळ्यात रात्री आतून दव धरतं, ते कुणी बघत नाही.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना मात्र तारेचा ब्रश, घासकागद, दाबाचं पाणी यातलं काही लावू नका. त्यात ऍस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते श्वासातून आत जाणं घातक. पाणी शिंपडून मऊ ब्रशने शेवाळ काढा, मुरणारा प्राइमर, मग ऍक्रिलिकचे दोन हात. थर धरला की तंतू सुटणं बरंच कमी होतं, हाही कोटिंगचा फायदाच. आणि हे पत्रे माणसाचं वजन झेलत नाहीत. बोल्टच्या रांगेवर, म्हणजे पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पर्लिनवर, फळी टाकूनच चढायचं, कमरेला दोर बांधून.

---

अंजली_पुणे

सोसायटीसाठी कोटेशन मागवताना काय लिहून घ्यावं?

---

ओलावा_शोधक

'तीन कोट' हा शब्द कोटेशनमध्ये चालवून घेऊ नका. लिहून घ्या: मालाचं पूर्ण नाव, वाळलेल्या थराची जाडी मिमीमध्ये, चौ. मीटरला किती लिटर, आणि एकूण किती डबे. डबे सील असलेले गच्चीवर यावेत आणि रिकामे डबे मोजूनच शेवटचं बिल द्यावं. कठड्याचं माप, वाटा, जाळी, दुरुस्तीचं मॉर्टर या वेगळ्या ओळी हव्यात. नाहीतर सगळ्यात कमी दर देणारा यातलंच काहीतरी गाळतो.

काम पूर्ण वाळल्यावर (टीडीएसमधले दिवस, बहुतेक सात) पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा. दोन इंच पाणी म्हणजे चौ. मीटरला ५० किलो. सळया उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर इंजिनियरला विचारल्याशिवाय ही चाचणी करू नका.

आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदाने स्वतः खर्च करायचा, असं होत असेल तर ते बरोबर नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीच्या दुरुस्तीत येते.

---

रेवदंडा

शेवटचं: कोटिंगनंतर सोलरचे स्टँड बसवायचे आहेत. चालेल ना?

---

सिव्हिलकाका

क्रम उलटा करा. आधी स्टँड, मग कोटिंग. नंतर ड्रिल केलं की प्रत्येक भोक ही नवी गळती, आणि ती नेमकी पॅनेलखाली, जिथे पुढची वीस वर्षं हात पोचत नाही.

स्टँड स्लॅबमध्ये बोल्ट न करता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा. ठोकळ्यांचं वजन वाऱ्याचा हिशेब करून सोलरवाल्या इंजिनियरकडून घ्या. ठोकळा आणि गच्ची यांच्या सांध्याला वाटा करा, जाळी लावा, कोटिंग ठोकळ्यावर सहा इंच चढवा. ठोकळे ढाळाच्या वाटेत आडवे नकोत. दोन ठोकळ्यांमध्ये पाण्याला जायला जागा ठेवा. कोटिंग आधीच झालं असेल तर ठोकळ्याखाली जाड रबराची चकती घाला, आणि ठोकळा ओढत नेऊ नका, उचलून ठेवा. बोल्ट मारायचेच असतील तर भोकातली धूळ फुंकून काढून रासायनिक अँकर भरा, बोल्टच्या मुळाशी पीयू सीलंटचा गोल द्या, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या पावसात ओल दिसली तर कुठलं भोक ते शोधायला तोच कामी येतो.